बायकोची गाडी मी देऊन टाकली

कागदोपत्री गाडी माझ्या नावावर होती आणि किल्ली बायकोच्या कमरेला. तरी देऊन टाकली मी. कुणी चोरली नाही, सरकारनं भंगारात काढा म्हणून नोटीस पाठवली नाही. माझ्या ह्या धडधाकट तोंडानं मी 'घेऊन जा' म्हणालो आणि एक पुणेकर खरोखर घेऊन गेला. आठ वर्षं झाली त्याला. तेव्हापासून बायकोनं स्टेअरिंगला हात लावलेला नाही, आणि मला ती गाडी परत हवी आहे. तीच हवी. तिच्यासारखी दुसरी कुणी दाखवू नका.

आता गाडी म्हणजे काही फार मोठं रत्न होतं असं समजू नका. रंग बदामी, तोही दाराचा एक आणि बॉनेटचा दुसरा. ऑफिसातला एक सहकारी रिटायर होऊन गावी निघाला होता, त्याच्याकडून घेतलेली. डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा. उजवीकडे वळवली की नाही. मेकॅनिकनं दोनदा सगळं उघडून पाहिलं आणि हात पुसत म्हणाला, "साब, इसका मिजाजच ऐसा है, नक्को छेडो." मागची एक काच खाली गेली की वर यायची नाही, म्हणून पावसाळ्यात त्या खिडकीशी बसणाऱ्यानं छत्री घेऊन बसायचं असा घरात नियम होता. पाहुण्यांनासुद्धा.

पहिले आठ दिवस ती मी चालवली. आमच्या हैदराबादच्या जामबागेतल्या बिल्डिंगच्या गेटला दोन खांब आहेत. त्यातल्या एकाच खांबाला मी दोनदा धडकलो. तिसऱ्यांदा धडकलो तेव्हा वॉचमन स्टूल उचलून आत जाऊन बसला. बायको बाल्कनीतून बघत होती. खाली आली, दार उघडलं आणि म्हणाली, "सरका."

तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि सायकलसुद्धा कधी चालवलेली नव्हती. जवळच कोठी चौकाच्या मागं एक ड्रायव्हिंग स्कूल होतं, तिथं नाव घातलं. शिकवणारे उस्ताद मेंदी लावलेल्या दाढीचे, भारी सबुरीचे. "अम्मा, क्लच हौले हौले छोडो, सोते बच्चे के नीचे से हात निकालते ना, वैसा." तीन आठवड्यांत बाई गाडी घेऊन चौकातून वळायला लागल्या. उंचीनं बेताची, म्हणून बुडाखाली दोन उशा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, गाडी कुणीच चालवत नाहीये.

आणि काय चालवायची म्हणून सांगू! बेगम बाजारात उन्हाळ्यात मिरची-धने घ्यायला माणसं चालत जायला कंटाळतात. हातगाड्या, रिक्षा, डोक्यावर पोती घेतलेले हमाल, सगळं एका गल्लीत. ही तिथं गाडी घालायची. माझ्याकडे खातं एकच, डाव्या बाजूचा आरसा मिटायचा आणि उघडायचा. समोर कुणी आडवा आला की ती खिडकीतून डोकं काढायची. "एमय्या, कळ्ळु लेवा?" म्हणजे डोळे नाहीत का, हे तेलुगूत. माणूस हलला नाही तर, "अरे मियाँ, सडक क्या अब्बा की है?" आणि तरीही नाही हलला तर अस्सल मराठीत जे काही निघायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याला अर्थ कळायचा नाही, पण तो हलायचा.

मैत्रिणी तीन. चौघी मिळून सुलतान बाजारात ब्लाउजपीस आणायला जायच्या आणि सकाळी गेलेल्या दुपारी चारला यायच्या, कधीकधी ब्लाउजपीसशिवाय. कधी एकटीच, "जरा पेट्रोल भरून येते," म्हणून जायची आणि दोन तासांनी उगवायची. "कुठं गेली होतीस?" "पेट्रोल भरायला." मी पुढं विचारत नसे. येताना चेहरा असा धुतल्यासारखा असायचा. त्या गाडीत ती मोठ्यानं हसायची. घरात तिला इतक्या मोठ्यानं हसताना मी फारसं ऐकलेलं नाही, हे आता लिहिताना मला लागतंय, पण खरं आहे.

आता आम्हा हैदराबादवाल्यांची एक खोड सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचे आजोबा मराठवाड्यातली शेती भावांवर सोडून इथं आले. घरात मराठी राहिली, पण तहजीब इथली लागली. कुणी तुमच्या वस्तूची तारीफ केली की म्हणायचं, "आपकीच है, ले जाओ." समोरच्यानं म्हणायचं, "नको हो, तुम्हालाच मुबारक." परत आग्रह, परत नकार. असं तीनदा झालं की वस्तू जागच्या जागी राहते आणि दोघांची इज्जतही. जेवणाचंही तेच. पहिल्या हाकेला जो पाटावर येऊन बसतो त्याला आम्ही मनातल्या मनात भुक्कड म्हणतो. मी आजवर माझं घड्याळ, शाल, कूलर आणि एकदा तर राहता फ्लॅट लोकांना देऊ केलेला आहे. काहीही गेलं नाही.

तर आमच्या वरच्या मजल्यावर एक पुण्याचा पोरगा भाड्यानं आला. कॉम्प्युटरवाला, सालस, वेळेचा पक्का. एका रविवारी मी गाडी धूत होतो, म्हणजे बायको सांगत होती आणि मी धूत होतो. तो थांबला. "काका, काय मस्त गाडी आहे हो! मला हात साफ करायला अशीच जुनी गाडी हवी होती."

मी मग्गा खाली ठेवला आणि पिढीजात सवयीनं म्हणालो, "अहो, तुमचीच आहे. घेऊन जा."

तो म्हणाला, "खरंच?"

बघा! इथं 'खरंच' नसतं म्हणायचं. इथं 'छे छे' म्हणायचं असतं. पण त्याला कोण सांगणार? मी म्हणालो, "खरंच म्हणजे काय, घरचीच गोष्ट आहे." त्यानं किंमत विचारली. मी कानाला हात लावले. तो म्हणाला, फुकट मी घेणार नाही, बाजारभावानंच घेईन. मला वाटलं, हा आता नकाराच्या वाटेला लागला. कसचं काय! पुढच्या रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला चेक आणि आरटीओचे कागद घेऊन दारात हजर. पेनसुद्धा स्वतःचं आणलं होतं.

तरी त्या बिचाऱ्यानं मला विचारलं. सोफ्यावर बसून विचारलं, "काका, नक्की ना?" मी म्हणालो, "जबान दिली म्हणजे दिली." कागद पुढं करताना विचारलं, "मनात काही असेल तर आत्ताच सांगा, मला वाईट वाटणार नाही." मी म्हणालो, "तुमच्यापेक्षा गाडी मोठी आहे का?" सही करायच्या आधी परत एकदा, "अजूनही नाही म्हणू शकता हं." ह्याहून जास्त माणसानं काय करावं! 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द माझ्या घशापर्यंत आला होता. पण आलेल्या माणसाला नाही म्हणायचं? आमच्या सात पिढ्यांत झालं नाही ते.

मग मी उठून स्वयंपाकघरात गेलो. बायको उपमा परतत होती. मी हळूच विचारलं, "देऊ ना गं?" तिनं वळूनही पाहिलं नाही. "द्या की. मला मेलीला आता कुठं जायचंय?" मला कसं हायसं वाटलं! चला, हिची हरकत नाही. बाहेर येऊन सही ठोकून दिली. तिनं सगळ्यांना उपमा दिला, मग खाली जाऊन गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि आपल्या दोन उशा काढून घेतल्या. पुणेकर गेटमधून डावीकडे वळला, हॉर्न वाजला, पण त्याआधीच ती जिना चढून वर निघून गेली होती.

वर्षभरात मी नवी गाडी घेतली, गियर बदलावे लागत नाहीत अशी. ती शेजारी बसते, पट्टा लावते, खिडकीबाहेर बघते. चालव म्हटलं की, "तुम्हीच चालवा, तुम्हाला आता जमतंय." मिरच्या पाकिटातल्या येतात. मैत्रिणींकडे जायला मोबाइलवर कॅब बोलावते, ड्रायव्हर फोन करून कुठं जायचंय विचारतो आणि ऐकल्यावर येत नाही. ती चप्पल काढून परत आत येते.

आणि मी काय केलं? मी किस्सा केला. लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत, जिथं चार मराठी माणसं दिसतील तिथं, पुणेकरानं माझी गाडी कशी लाटली! सुरुवात केली की लोक खुर्च्या पुढं ओढायचे. मी त्याचं ते 'खरंच?' अगदी नाकातून म्हणून दाखवायचो. हसून हसून पुरेवाट. बायको त्या वेळी नेमकी चहा बघायला उठायची. मला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळली असेल.

मागच्या महिन्यात तो पुणेकर कामासाठी हैदराबादला आला होता, आठवणीनं घरी आला. आता केस पांढरे व्हायला लागलेत. मला राहवेना म्हणून विचारलंच, "आमची गाडी आहे का अजून?" तो ओशाळला. पुण्याला परत जाताना विकली, म्हणाला, घेणाऱ्यानं पुढं मोडीत काढली असं ऐकलं. मोडीत! माझं टाळकं सटकलं. आठ वर्षांचं सगळं बाहेर पडलं. म्हटलं, "अहो, आमच्यात घेऊन जा म्हटलं की घेऊन जायचं नसतं! लहान पोरालाही कळतं हे! तोंडदेखलं बोलणं कळत नाही तर माणसांत राहता कशाला?"

तो काही बोलायच्या आत बायको बोलली. शांतपणे. "त्याच्यावर कशाला डाफरता? तो परका. त्यानं तुम्हाला तीनदा विचारलं. तुम्ही मला एकदा विचारलंत."

मी म्हणालो, "अगं, पण तू द्या म्हणालीस."

"बाहेर माणूस येऊन बसलेला. काय म्हणणार होते मी?"

पुणेकर चहा तसाच ठेवून उठला. त्याला गेटपर्यंत पोचवून मी वर आलो. शरम वाटत होती, आणि शरम वाटली की मला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. म्हटलं, "जुनी गाडी शोधू. हातानं गियर टाकायची. चालवशील?"

"नको."

थोडा वेळ जाऊ दिला. म्हटलं, "मी आरसा मिटायला बसेन. चालवशील?"

"नको म्हटलं ना."

ह्या वेळी मी हललो नाही. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि परत विचारलं. तिनं हातातला कप ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर माझ्यासमोर पसरले. बोटं थरथरत होती. किती दिवस थरथरताहेत कोण जाणे, मी पाहिलेलंच नव्हतं.

"खूप वाटतं हो चालवावंसं," ती म्हणाली. "पण आता नाही जमायचं."