मास्तरांची चार तुकड्यांची गळकाठी

जठारपेठेतल्या उद्धव मास्तरांनी जन्मभर पोरांना महासागर शिकवले, पण खुद्द समुद्र काही पाहिला नव्हता. त्यांच्या वाट्याला आलं ते जवळच्या महान गावचं धरण. रविवारी तिथे जायचं, गळाला पिसांची खोटी माशी बांधून फेकायची, मासा धरायचा, कौतुकानं पाहायचा आणि सोडून द्यायचा. चातुर्मासात ज्या घरात कांदा शिरत नाही, तिथे मासा कुठून शिजणार! मास्तर माशांची हजेरी घ्यायला जातात, असं गल्लीचं मत.

आणि मस्कतहून जावयाचा फोन आला. "बाबा, दोघंही या. बोटीतून समुद्रात जाऊ. काठी मात्र जड लागते."

झालं! समुद्राला भेटायचं तर स्वतःची काठी घेऊनच, असं मास्तरांनी मनाशी पक्कं केलं. समुद्री माशाचा जोर सोसणारी बारा नंबरची काठी ठरली. अडलं ते किती तुकड्यांची घ्यायची यावर.

"दोन तुकड्याचीच घ्या मास्तर," समोरचा गोवर्धन म्हणाला. त्याचं दुकान नळाच्या तोट्यांचं, पण मत जगातल्या कोणत्याही वस्तूवर तयार. "जितके जोड तितकी कटकट."

"अन् विमानात काय तुह्या डोक्यावर ठेवू? चाराची बॅगेत बसते."

चाराची आली. गोदावरीकाकूंनी खोकं उघडून कपाळाला हात लावला. "अहो, फुटकी काहून आणली?"

"फुटकी नाही, जोडाची आहे."

"मंग जोडा. खंडित वस्तूची पूजा होत नसते."

ज्या घरात नवा कूलरही कुंकू लागल्याशिवाय वारा देत नाही, तिथे काठी कशी सुटेल? निघायच्या आदल्या दिवशी नऊ फुटी काठी देवघरापासून मोरीपर्यंत आडवी झाली. विमानाचं काम, म्हणून काकूंनी प्रत्येक जोडाला हळदकुंकू लावून वर सढळ हातानं पंचामृत सोडलं.

संध्याकाळी बॅग भरताना काठी सुटेना. मधसाखर जोडात वाळून बसली होती. मास्तरांनी ओढलं, गोवर्धननं ओढलं.

"म्या म्हटलं होतं ना, दोनाची..."

"गोवर्धन, तू घरी जाय!"

मास्तर पलंगावर बसले. "राहू दे वं. जावयाचीच वापरतो." चेहरा मात्र नापास झालेल्या पोराचा.

काकूंना तो पाहवेना. "पाकानं चिकटलेलं झाकण कोणी ओढून काढते का?" त्यांनी कोमट पाण्याचं फडकं जोडांना गुंडाळून ठेवलं. मग एका टोकाला त्या, दुसऱ्याला मास्तर. दोन जोड गुमान सुटले. तिसरा असा सुटला, की मास्तर मोरीत आणि काकू थेट देवापुढे लोटांगणात. तुकडे बॅगेत बसले, कुरडयांच्या डब्याशेजारी.

चार दिवसांनी गल्लीच्या ग्रुपवर फोटो आला. मागे समुद्र, पुढे छाती काढून मास्तर, हातातल्या काठीच्या जोडांवर अजून कुंकवाचे डाग.

"मासा कुठाय?" गोवर्धननं लगेच फोन लावून विचारलं.

फोन काकूंनी उचलला. "हजेरी लावून गेला. सोडला ह्यायनं."