काळ्या शाईची कार्डं

खोडदच्या भागुजींना इंग्रजी अक्षरं उलटी आधी वाचता यायची, सुलटी मागून. नारायणगावात गेणभाऊंच्या छापखान्यात ते वीस-बावीस वर्षं खिळे जुळवत होते, आणि शिशाच्या खिळ्यावरचं अक्षर उलटंच असतं. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, दहाव्याची न् जलदानविधीची, म्हणजे मौतीची, कार्डं, सगळं त्यांच्या बोटांखालून जायचं. इंग्रजी मजकूर अर्थ न कळता जुळवायचे आणि त्यात चूक नसायची. सातवी पास माणसानं याहून जास्त काय करावं? पण अर्थ कळत नाही, हे त्यांना खुपायचं.

लेक यशोधरा आठवीत गेली तेव्हा त्यावर तोड निघाली. संध्याकाळी सायकल भिंतीला लावली की भागुजी छापखान्यातून आणलेला एक शब्द सांगायचे, आणि ती डिक्शनरीत त्याचे अर्थ शोधायची. ही जाडजूड डिक्शनरी खोडदजवळच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्या एका साहेबांनी बदली होऊन जाताना दिली होती. वहीत डावीकडं बापाचा शब्द, उजवीकडं लेकीचे अर्थ, खाली त्याच अर्थाचे आणखी शब्द. 'रन'नं तर तीन पानं खाल्ली. माणूस पळतो ते रन, नळ वाहतो ते रन, दुकान चालतं ते रन, धुण्यात साडीचा रंग जातो तेही रन.

"आन विलेक्शनला उभं ऱ्हायचं, तेबी रनच," यशोधरा म्हणाली.

"उभं ऱ्हायाला पळणं म्हणत्यात?"

"आप्पा, ह्यांच्याकडं एका शब्दाला धा अर्थ, आन एका अर्थाला धा शब्द. ह्यांची भांडणं मिटत कशी असतील?"

बायको गेल्यापासून त्या घरात तेवढाच एक तास हसू असायचं.

यशोधराला इंग्रजी घेऊन बीए करायचं होतं. पण शहाण्णव साली, बारावीचा निकाल लागायच्या आतच, तळेघरकडचं स्थळ आलं. मुलगा नवनाथ, आश्रमशाळेत शिपाई, निर्व्यसनी. चारचौघांनी भरीस घातलं आणि भागुजींनी शब्द देऊन टाकला. लेकीला विचारलं नाही. विचारलं तर ती नाही म्हणेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. निघताना ती सगळ्यांच्या पाया पडली, बापाच्याही पडली, बोलली मात्र नाही. वही फळीवरच ठेवून गेली.

घर खायला उठलं. महिनाभर भागुजींनी कळ काढली आणि मग छापखान्यात वाया गेलेलं एक कार्ड उचललं. एका बाजूला छपाई बिघडलेली, दुसरी बाजू कोरी. छापील बाजूवर रेघ मारली, कोऱ्या बाजूला पत्ता लिहिला, त्याखाली एक इंग्रजी शब्द. बाकी काही नाही. शब्द वाचला की लेक अर्थ कळवेल आणि अर्थ कळवला की राग गेला असं समजायचं, एवढा सरळ हिशोब. तोच शब्द त्यांनी वहीतही डावीकडं उतरवला आणि उजवी बाजू तिच्यासाठी मोकळी सोडली.

उत्तर आलं नाही. भागुजींनी दुसरं कार्ड टाकलं. मग दर सोमवारी एक, चार वर्षं.

मधे यशोधरा भीमजयंतीला यायची. दोन दिवस घर झाडायची, भांडी लख्ख करायची, फळीवरच्या वहीकडं बघायचीही नाही. भागुजी वाट बघायचे की ती शब्दांचं काढील. आपण होऊन विचारायला जीभ रेटायची नाही. ती गेली की उंबऱ्यात बसून म्हणायचे, लेक वाढवली मीच, तर हट्ट कुणाचा घेणार? आणि त्या दिवशी त्यांना भाकर गोड लागायची नाही.

दोन हजार सालच्या पावसाळ्यानंतर यशोधराला दुसरी मुलगी झाली. नात बघायला भागुजी घोडेगावमार्गे तळेघरला उतरले आणि तासभर चालून वाडीवर पोचले. यशोधरा ओसरीवर तांदूळ पाखडत होती. विहीण शकुबाईंनी पाणी दिलं, नात मांडीवर आणून ठेवली. एवढ्यात अंगणात पोस्टमन आला आणि त्यानं शकुबाईंच्या हातात एक कार्ड दिलं.

भागुजींनी ते लांबूनच ओळखलं. सोमवारी आपणच टाकलेलं.

शकुबाईंनी कार्ड उलटंपालटं केलं, काळी छपाई बघितली, आणि उंबऱ्याबाहेरच टराटरा फाडलं. पायावर पाणी घेतलं. छप्पन साली बौद्ध धम्म घेताना त्यांच्या सासऱ्यानं देव पाण्यात सोडले होते, पण मौतीचं कार्ड दाराबाहेर फाडायची रीत काही त्या घरातून सुटली नव्हती.

"तुमच्या जुन्नरकडं लई माणसं मरत्यात, पावणं," त्या म्हणाल्या. "दर आठवड्याला येतंय. पयल्यांदा पोस्टमनकडनं वाचून घेतलं, तर कोन सोमाजी. आपल्या भावकीतलं न्हाई. मग मी वाचायचंच सोडलं. सुनंलाबी कधी सांगितलं न्हवतं. लेकुरवाळीला म्हायेरच्या मौती कशाला?"

उभा जन्म छापखान्यात गेला. काळी शाई मौतीची, लाल शाई लग्नाची, हे भागुजी गिऱ्हाइकांना शिकवायचे. पण रोजच्या हाताला कागद तो नुसता कागद. शकुबाईंना काय बोलणार? चूक त्यांची नव्हतीच. त्या गोठ्याकडं गेल्यावर भागुजी लेकीकडं वळले.

"यशा, ती मौतीची न्हाईत. माझी हायेत. मागल्या अंगाला शब्द लिवायचो. दर सोमवारी."

यशोधराचं सूप थांबलं. "मला वाटलं, तुमी वही रद्दीत घातली. म्हून मी तिच्याकडं बघायची न्हाई."

"सगळे शब्द त्यात हायेत. तुझी बाजू कोरी ठेवलीय."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "आप्पा, चार वर्सं इंग्रजी शब्द धाडले. मी जयंतीला यायची तवा एखादा मराठीत बोलायचा. 'चुकलं' एवढाच."

भागुजींना हुंदका आवरेना. मांडीवरची नात दचकून जागी झाली. तिला थोपटत ते म्हणाले, "चुकलं माजं. तुला इचारायला पायजे व्हतं. तू न्हाई म्हनली आस्तीस, म्हून इचारलं न्हाई."

यशोधरानं पदरानं डोळे पुसले, तांदूळ पुन्हा पाखडायला घेतले. दोन-चार हात मारून झाल्यावर खाली बघतच तिनं विचारलं, "आजचा काय व्हता?"

"स्प्रिंग."

ती आठवत राहिली. कपाळाला आठी पडली. "पाच-सहा अर्थ व्हते, आप्पा. पयल्यासारखं ध्यानात ऱ्हात न्हाई आता. एकच येतोय."

"एकच सांग," भागुजी म्हणाले.