इंडिपेंडंट असल्याचा पुरावा

आमच्या ऑफिसातली किटली दर महिन्याला व्हिनेगर घालून साफ करतो, तरी तळाशी पांढरा थर धरतोच. किस्स्यांचंही तसंच. कोणी मुद्दाम जमवत नाही, आपोआप साठतात!

मी ब्रिस्टलच्या एका युनिव्हर्सिटीत 'स्टुडंट मनी' डेस्कवर बसते. सात वर्षं झाली. डेस्कवर दोघंच, मी आणि गॅरेथ. गॅरेथ वेल्सचा, रिटायरमेंटला आलेला. इमारतीला आग लागली तरी हा ट्रेनची अनाउन्समेंट करावी तशा आवाजात सांगेल.

आमचं काम एका ओळीत सांगते. पंचविशीच्या आतल्या मुलांना सरकारी लोन किती मिळणार, हे आईबाबांच्या कमाईवर ठरतं. ते नको असेल तर आपण इंडिपेंडंट आहोत हे सिद्ध करायचं. म्हणजे लग्न झालंय, किंवा मूल आहे, किंवा तीन वर्षं स्वतःच्या कमाईवर जगलोय, किंवा घरच्यांशी संबंध कायमचे तुटलेत. कागदासकट! नुसतं सांगून चालत नाही.

नावं अर्थातच बदलली आहेत. गॅरेथचं सोडून. तो म्हणाला, माझं राहू दे.

* * *

पहिला किस्सा माझाच. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी गॅरेथ शिकवत होता, "लग्न झालं की विद्यार्थी इंडिपेंडंट. वय काहीही असो."

मला हसू फुटलं. त्यानं विचारलं, "काय झालं?"

मी पर्समधून माझं व्हिसाचं कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. मी पुण्याहून लग्न करून इथे आले ती नवऱ्याच्या नोकरीमागे. तो तेव्हा ब्रॅकनेलला आयटीत होता. माझ्या कार्डावर सरकारनं स्वच्छ छापलं होतं: डिपेंडंट पार्टनर!

गॅरेथनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. म्हणाला, "ते खातं वेगळं. त्यांचं आमच्याशी बोलणं नाही."

* * *

रोहन म्हणून एक मुलगा आला. सोबत त्याची आई. मी मराठी आहे कळल्यावर बाईंना फारच हायसं वाटलं.

"अहो, हा पूर्ण इंडिपेंडंट आहे," त्या म्हणाल्या. "गेली तीन वर्षं. आम्ही ह्याच्यात काही म्हणजे काही पडत नाही. मी लिहून देते!"

मी रोहनला विचारलं, "तीन वर्षं कुठे राहत होतास?"

"घरी," आई म्हणाली.

"जेवण?"

"त्याला माझ्याच हातचं लागतं हो. बाहेरचं सोसत नाही."

मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हटलं, "काकू, तो इंडिपेंडंट असेल तर आज तुम्ही सोबत कशा?"

बाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की मला मुलंबाळं आहेत की नाहीत असा त्यांना प्रश्न पडला असावा.

"अहो, एकटा कसा येणार तो?"

* * *

तन्वी सेकंड इयरची. इथेच जन्मलेली. तिला मी यादी वाचून दाखवत होते. "लग्न झालेलं असेल तर आईबाबांची कमाई बघत नाहीत..."

ती एकदम पुढे वाकून कुजबुजली, "प्लीज, हे माझी आजीला सांगू नका. तिच्याकडे मुलग्यांचा लिस्ट रेडी आहे!"

गॅरेथला एवढ्यातून 'लिस्ट' तेवढं समजलं. कसली लिस्ट म्हणून त्यानं विचारलं, मी सांगितलं.

"श्रीमंत निवडू नकोस," तो टाइप करता करता तिला म्हणाला. "मग नवऱ्याची कमाई धरतात."

* * *

एक एकोणीस वर्षांची मुलगी कडेवर आठ महिन्यांचं बाळ घेऊन आली. बाळानं आल्या आल्या माझ्या गळ्यातलं, ओळखपत्राचं लॅनयार्ड तोंडात घातलं. कागद सगळे चोख होते. मी म्हटलं, "काही अडचण नाही. मूल आहे, म्हणजे तू इंडिपेंडंट."

"मी?" ती म्हणाली. "मला एकटीला बाथरूमलासुद्धा जाता येत नाही!"

* * *

आणखी एक नियम आहे. वर्ष एक सप्टेंबरला सुरू होतं. त्या दिवशी तुमची पंचवीस पूर्ण असतील तर आईबाबांचा विषयच संपला.

एमा पाच वर्षं क्रूझवर काम करून शिकायला आलेली. पेस्लिपा एका बुटाच्या खोक्यात, बोटीप्रमाणे गठ्ठे करून रबरबँड लावलेले. पण त्यातला एक अख्खा गठ्ठा कुठल्यातरी बंदरात राहून गेला होता, त्यामुळे तीन वर्षं काही भरेनात. मी तिची जन्मतारीख पाहिली. दोन सप्टेंबर. एका दिवसानं चुकली होती!

तिनं तिथूनच आईला फोन लावला. स्पीकरवर. "मम, तुला मला एक दिवस आधी जन्म देता आला नाही?"

आई म्हणाली, "मी तीस ऑगस्टला हॉस्पिटलात अॅडमिट झाले होते. उशीर कोणी केला?"

हरवलेल्या पेस्लिपा कंपनीकडून नंतर मिळाल्या. एमाचं काम झालं. आईला मात्र तिनं सॉरी म्हटलं की नाही, माहीत नाही.

* * *

आता सई.

सई वीस वर्षांची, साउथहॅम्प्टनला जन्मलेली. आई ती शाळेत असतानाच वारली. घरी फक्त वडील, तिथे डॉक्टर. सईनं मेडिसिनची सीट सोडून इलस्ट्रेशन घेतलं, त्या दिवसापासून वडिलांचं बोलणं बंद. फोन नाही, पैसे नाहीत, घरी ये नाही. फी लोनमधून जायची, बाकी सगळं दोन वर्षं ती एका कॅफेत काम करून भागवत होती. आता भागत नव्हतं. लोन वाढलं नाही तर कोर्स सोडावा लागणार होता.

"मी बाबाला बर्थडेला मेसेज केली," तिनं सांगितलं. "दोन ब्लू टिक आला. बस."

संबंध तुटल्याचं घराबाहेरच्या, जबाबदार पेशातल्या माणसानं लिहून द्यावं लागतं. शिक्षक, डॉक्टर, सोशल वर्कर, असं कोणी. सईच्या शाळेतल्या आर्ट टीचर तयार झाल्या, पण त्यांना कागदावरच लिहायचं होतं. म्हणून मी वर सईचं नाव घालून कोरा फॉर्म सईला पोस्टानं पाठवला.

आठवडा गेला, फॉर्म तिला मिळालाच नाही. मी सिस्टीम उघडून पाहिली. रूमच्या पत्त्याऐवजी मी 'होम अॅड्रेस' वर क्लिक केलं होतं. लिफाफा साउथहॅम्प्टनला गेला होता. वडिलांकडे!

मी गॅरेथला सांगितलं, वर रीतसर चूक कळवली आणि सईला बोलावून तिची माफी मागितली. ती रागावली नाही. मग म्हणाली, "आता बाबाला कळणार, मी काय मागते ते."

दुसरा फॉर्म मी स्वतः तिच्या हातात दिला. टीचरनी तो भरला, आम्ही पुढे पाठवला, आणि तीन आठवड्यांनी सई इंडिपेंडंट ठरली. तो भाग सुरळीत झाला.

पण त्याआधीच, दुसरा फॉर्म दिल्यावर चौथ्या दिवशी, आमच्या डेस्कवर एक लिफाफा आला. आत माझा पहिला फॉर्म, शाईच्या पेनानं भरलेला.

पेशा: डॉक्टर.

विद्यार्थिनीला किती काळ ओळखता: जन्मापासून.

परिस्थितीचं वर्णन: 'हिचा वडिलांशी दोन वर्षं कोणताही संपर्क नाही. तिनं प्रयत्न केला. तिला उत्तर दिलं गेलं नाही. यात तिचा दोष नाही.'

खाली सही.

गॅरेथनं तो दोनदा वाचला. "हे चालणार नाही," तो म्हणाला. "घरच्यांचं धरत नाहीत." मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला. "पण तिला दाखव."

सई दुपारी आली. तिनं उभ्याउभ्याच वाचलं. मग खुर्ची ओढून बसली, पुन्हा वाचलं, आणि सहीवर बोट ठेवलं.

"बाबाची सही कधीच वाचता येत नाही," ती म्हणाली. "प्रिस्क्रिप्शनवर नाही, माझा स्कूल रिपोर्टवर नाही. टीचर नेहमी विचारायची, हे कोणी साइन केला?"

तिनं कागद फिरवून माझ्याकडे सरकवला.

"हा बघा. सगळा अक्षर दिसतो."