शेपट्यांचे पाढे

देवरे सर गेल्याचा निरोप शाळेच्या ग्रुपवर आला तेव्हा मी रविवार कारंजावर भाजीच्या पिशव्या सांभाळत रिक्षाची वाट बघत होते. या ग्रुपवर एरवी सुप्रभात आणि केकचे फोटो यांपलीकडे काही येत नाही, त्यामुळे वाचून फोन पर्समध्ये टाकलासुद्धा. रिक्षा आली, कुठे जायचं म्हणून रिक्षावाल्याने विचारलं आणि मला माझ्याच घराचा पत्ता सांगता येईना... 'पंचवटी' एवढंच तोंडातून निघालं. सर तिकडे राहायचे. मग मी तिकडेच गेले, मेथी-कोथिंबिरीसकट.

सर मूळचे सटाण्याकडचे, आमच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचे. आम्ही मखमलाबादची, फुलं नि भाजीपाला पिकवणाऱ्यांची पोरं. इंग्रजीचा तास म्हटला की मागचे बाक आधी भरायचे. त्यावर सरांनी उपाय काढला होता. शब्दाचं तोंड बघून घाबरायचं नाही, आधी त्याची शेपूट धरायची. एका शेपटीचे सगळे शब्द एकत्र करायचे आणि अर्थासकट पाढ्यासारखे म्हणायचे. "हुड म्हणजे आपलं पण," असं सांगून ते टेबलावर डस्टरने ताल धरत. चाइल्डहुड? बालपण! मदरहुड? आईपण! लेस म्हणजे नसलेला. होमलेस बेघर, फिअरलेस निडर, जॉबलेस बेकार. शब्द सरांनी टाकायचा, अर्थ वर्गाने झेलायचा. शेजारच्या वर्गावरचे शिक्षक हसायचे, इंग्रजीचं भजन चाललंय म्हणायचे. त्यांच्या वर्गातल्या किती पोरांना इंग्रजी आलं ते मला माहीत आहे, पण गेलेल्या माणसाच्या लेखात भांडण नको. मी तर या पाढ्यांनी इतकी चढून गेले होते की शेतातल्या फवारणीच्या डब्यावर इन्सेक्टिसाइड वाचलं आणि वडिलांना ऐटीत सांगितलं, "साइड म्हणजे मारणारं." वडील म्हणाले, "ते आम्हाला वासावरून कळतं, बाई. तू आधी हात धू." दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं तर ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

शाळा सुटली, नोकरी लागली, तरी दिवाळीनंतर सरांकडे एक चक्कर ठरलेली असे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा आणून ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, बोलणं सगळं अहिराणी. अर्ध्या नाशिकला इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने बायकोला एक शब्द शिकवला नाही, याचा मला राग यायचा. एकदा तोंडावर बोललेही. सर म्हणाले, "अगं, तिला कुठे परीक्षा द्यायचीय?" मला ते उत्तर तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय पुष्कळ सुधारले, शब्द मात्र गेले. समजायचं सगळं, पण बोलायला गेले की एकच शब्द यायचा, "बरं." पाणी हवं असलं तरी बरं, पंखा बंद करायचा असला तरी बरं, राग आला तरी बरंच. त्यांचा मुलगा प्रसाद भला माणूस आहे, पण त्याने भेटीगाठी बंद केल्या. "बाबांना अशा अवस्थेत कुणी पाहिलेलं आवडणार नाही," असं त्याचं म्हणणं. मी कुणाच्या दारातून परत फिरणाऱ्यातली नव्हे. प्रसाद ऑफिसला गेल्यावर गेले.

सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, ओठ हलले आणि "बरं... बरं..." एवढंच आलं. मग त्यांनी मान फिरवली. मी स्वयंपाकघरात काकूंकडे पळाले. काकू कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यास्ले बठ्ठं समजस, माय. मले दुसरं काही नको. एकदाव मले हाक मारोत, बस." नवऱ्याने नाव घ्यायची पद्धत त्यांच्या घरात नव्हतीच. सरांची हाक म्हणजे "अगं". झटक्यानंतर ती अगंसुद्धा गेली होती. काही हवं असलं की सर कपावर चमचा वाजवायचे, आणि काकूंना तो आवाज सहन होत नव्हता.

मला तेव्हा काय सुचलं कोण जाणे. बाहेर आले, स्टुलावर ताल धरला आणि म्हटलं, "चाइल्डहुड?" सर माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा म्हटलं. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर हलायला लागली आणि तोंडातून स्वच्छ शब्द आला, "बालपण." काकू कणकेच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मदरहुड? आईपण. होमलेस? बेघर. पाढ्यात जे होतं ते येत होतं, पाढा थांबला की पुन्हा बरं. डॉक्टरांनी सांगितलं की तोंडपाठ गोष्टी अशा मागे उरतात कधीकधी, करत राहा.

करत कोण राहिलं? काकू! मी आपली आठवड्यातून एकदा जायचे. काकूंनी माझ्याकडून एकेक शेपूट पाठ करून घेतली, भाकरी थापतानाही त्यांचं पुटपुटणं चालू असायचं. संध्याकाळच्या चहाला त्या समोर बसून शब्द टाकायच्या आणि सर अर्थ सांगायचे. शब्द संपले की काकू स्वतःचे बनवायच्या. "चहालेस?" सर लहान मुलासारखे खुदकन हसून म्हणायचे, "बिनचहाचा." प्रसादनेही मग दार उघडं ठेवायला सुरुवात केली. पण हाक काही आली नाही. आणि एक दिवस दुसरा झटका आला...

मागच्या आठवड्यात काकूंकडे गेले होते. त्यांनी आपण होऊन सांगितलं. दुसऱ्या झटक्याच्या थोडं आधी, एका संध्याकाळी लेसचा पाढा चालला होता आणि त्यांनी सहज पुढे जोडलं, "सुमनलेस?" सुमन हे काकूंचं नाव. सरांचा ताल थांबला. "नाही," ते म्हणाले. काकूंना वाटलं, शब्द चुकला. सर त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सुमन." मग पुन्हा एकदा, "सुमन."

"जन्मात मन्हं नाव लिधं नव्हतं त्यास्नी," काकू म्हणाल्या. कुणाला सांगितलंही नव्हतं, प्रसादलासुद्धा नाही. मी रडले, चांगली हमसून रडले. काकूच मला पाठीवर थोपटत होत्या.

मग त्यांनी चहा केला. आम्ही बाहेर येऊन बसलो. सरांची खुर्ची खिडकीपाशी तशीच आहे. काकूंनी एक घोट घेतला, खुर्चीकडे बघितलं आणि मांडीवर बोटांनी ताल धरला. "चाइल्डहुड?" मला राहवेना, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काकूंनी हळूच माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब, माय. त्यास्ले वेळ लागस."