चंद्राबाई नावाचं झाड

ताम्हिणीत चंद्राबाईला मंगळवारी तेवढी किंमत होती. मंगळवारी तिच्या अंगात वाघजाई यायची. केस सुटले, मान घुमायला लागली की सख्खा नवरा कुशाबासुद्धा तिच्या पायांवर लोळण घ्यायचा. एरवी ती ढाब्यावर भाकऱ्या थापायची आणि घरी येऊन त्याच्याच शिव्या खायची. ज्याच्या अंगात येतं त्याला तिकडे ‘झाड’ म्हणतात. बोलते ती देवी. झाडाला कोण कशाला विचारतंय?

त्या मंगळवारी घरीच भाकरी तव्यावर टाकताना तिच्या डोक्यात काहीतरी फाटलं. असली कळ तिला बाळंतपणातही आली नव्हती. डोकं गच्च धरून ती किंचाळली आणि चुलीपुढेच आडवी झाली.

“वारं आलं!” कुणीतरी ओरडलं, आणि संपलंच. लोकांनी कापूर लावला, तिच्या कपाळभर कुंकू फासलं.

“अवं, मी चंद्रा हाय,” ती कण्हली. “डोस्कं फुटतंय माजं. दवाखान्यात न्या.”

कुशाबानं हात जोडले. “आई, झाडाला लई तरास देऊ नगं. आमचं काय चुकलं त्ये सांग.”

तिला उलटी झाली, तर देवी कोपली म्हणून नारळ फोडला. संध्याकाळी ती जरा निपचित पडली, तसे सगळे समाधानानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तिची शुद्ध हरपली. कुशाबानं लेकीला, प्राजक्ताला फोन केला, तोही देवी झाडाला सोडत नाही हे सांगायला! प्राजक्ता हिंजवडीत एका कंपनीत साफसफाई करते. ती तशीच गाडी करून आली आणि आईला उचलून पुण्याच्या दवाखान्यात घेऊन गेली.

मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, तो फुटला होता. डॉक्टरांनी कवटी उघडली नाही. मांडीच्या धमनीतून बारीक नळी थेट डोक्यापर्यंत नेली आणि केसासारख्या तारेची वेटोळी फुग्यात भरून तो बंद केला. चंद्राबाई वाचली. डावा हात मात्र लुळा पडला.

“दोनदा रक्तस्राव झालाय,” डॉक्टर म्हणाले. “पहिल्याच वेळी आणलं असतं तर हात बहुतेक वाचला असता. कुणाच्या लक्षात नाही आलं?”

आलं होतं की! अख्खं गाव पाया पडून गेलं होतं.

चंद्राबाई आता मारुंजीत लेकीच्या भाड्याच्या खोलीत असते. परवा कुशाबा तिला न्यायला आला.

“मंगळवारी लोकं येत्यात अन् तशीच माघारी जात्यात. चल घरी.”

चंद्राबाईचा एवढ्या वर्षांचा राग उफाळून आला. ती थरथरत उठली. “देवी आली तवा पाया पडलास. मी मरत व्हते तवाबी पायाच पडलास! बायकू म्हनून येकदा तरी माजं आइकलंस का रं?”

नवऱ्याला तिनं जन्मात एकेरी हाक मारली नव्हती; त्याला एकेरीत बोलायची ती देवीच. कुशाबा चपापला. त्यानं टोपी काढली, गुडघे टेकले आणि हात जोडून विचारलं,

“आई, माज्या चंद्रीचा हात कवा बरा व्हईल, तेवडं सांग.”