मोर्णेकाठची घाई

माझ्या आत्याइतकी उतावळी बाई अख्ख्या वऱ्हाडात दुसरी झाली नसेल. वऱ्हाड अजून मुंबई राज्याला जोडला गेला नव्हता, तेव्हा ती अकोल्यात नर्स होती आणि बाळंतपणात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. चहा ती उभ्यानं प्यायची, भाकरी चालता चालता खायची, आणि नाटकाला गेलीच तर तिसऱ्या अंकाआधी बाहेर येऊन टांगेवाल्याला शेवट काय होणार ते सांगायची.

अशा बाईला गाव सोडून निघालेल्या एका डॉक्टरीणबाईंनी तैलरंगांची पेटी आणि एक परदेशी पुस्तक दिलं. पुस्तकात नदीकाठच्या शहरांची चित्रं होती. जवळून नुसते रंगांचे फटकारे. लांबून पाहिलं की पूल, घरं, धूर, आणि सगळं पाण्यात हलणारं. ही चित्रं म्हणे नदीवर उभं राहून, ऊन बदलायच्या आत उरकलेली. ‘उरकलेली’ म्हटल्यावर आत्याला आपली कला सापडली! गुरू म्हणून तिनं सिनेमाचे बोर्ड रंगवणारा पेंटर गाठला. तिनं रंगवलेली गावची मोर्णा नदी पहिल्यांदा पाहून तो म्हणाला, “बाई, हे पानी हाय का नीळ? पान्याले सोताचा रंग नसते. भित पिवळी, तं पानी पिवळं.” पुढच्या चित्रात आत्यानं घाण्यावरचं जवसाचं तेल सढळ हातानं ओतलं. ते महिनाभर वाळलं नाही आणि आभाळात पाचसहा माश्या कायमच्या चिकटल्या. “राहू दे,” आत्या म्हणाली, “दुरून घारी वाटतात.”

त्या वर्षी दिवाळीपर्यंत नदीला पाणी टिकलं. आत्या रोज संध्याकाळी घाटावर उभी राही, आणि रोज कोणाला तरी कळा सुरू होत. चित्र अर्धं टाकून, ब्रश अंबाड्यात खोचून ती धावे. एका संध्याकाळी मीही सोबत होतो. पूल तांबडा झाला होता आणि काठावरची घरं पाण्यात विरघळत होती. तेवढ्यात एक माणूस सायकल टाकून धावत आला. “बाई, लवकर चला! बायकोले लई त्रास होऊन राहिला.”

“आलेच,” आत्या म्हणाली, पण हलली नाही. दोन फटकारे मारले, मग आणखी चार. तो माणूस हात चोळत उभा राहिला. मला ते दिसत होतं, तरी मीही पुढचा फटकारा कुठे पडतो तेच पाहत होतो.

आम्ही पोचलो तेव्हा शेजारणीच्या हातात निळं पडलेलं मूल होतं. रडत नव्हतं. आत्यानं त्याला पालथं धरलं, तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळत राहिली. किती वेळ, कोण जाणे. मग ते रडलं. मुलगी होती. आई, लेक दोघीही वाचल्या. बोल कोणीच लावला नाही, उलट हातावर साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी पेंटरनं ते घाटावरचं चित्र जवळून पाहिलं, मग लांब जाऊन पाहिलं. “बाई, हे मलेही नसतं जमलं,” एवढंच म्हणाला. आत्यानं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि रंगांची पेटी त्याच्या हातात दिली.

“काहून देऊन टाकली?” मी नंतर विचारलं.

“चित्र चांगलं झालं ना, त्याचंच वाईट वाटून राहिलं मले.”

नोकरी संपल्यावर ती माझ्याकडे अमरावतीला आली. एकदा वडाळीच्या तलावावर आम्ही बसलो होतो. पलीकडचे दिवे नुकते लागले होते आणि पाण्यात लांबत चालले होते. “आत्या, रंग आणू का?” मी विचारलं.

ती पाण्याकडे पाहत राहिली. “नको रे. आता मले बोलवायले कोनी येत नाही. मंग घाई कशाची करू?”

समोरचं पाणी तोवर करडं होऊन गेलं होतं.