परमिट पुलापर्यंतचं

परमिट काढून दिल्यावर लोक पेढे आणतात. सुखदेव मेश्राम काम सांगायलाच पेढे घेऊन आला. बिबवेवाडीतल्या माझ्या आरटीओ एजंटच्या दुकानात अशी आनंदी माणसं आली, की मला आधी धडकीच भरते.

"साहेब, ट्रक घेतला. आता ड्रायव्हर नाही, मालक," तो म्हणाला. "नॅशनल परमिट काढून द्या."

सुखदेव मूळचा भंडाऱ्याकडचा. पुण्यात आल्यापासून एकाच शेटचा ट्रक चालवायचा. गोंदियावरून बालाघाट, पुढे जबलपूर. मध्य प्रदेशाची हद्द ओलांडली, की रस्त्यालगतच त्याच्या धाकट्या बहिणीचं, आम्रपालीचं घर. प्रत्येक फेरीत तिथे जेवण ठरलेलं. पण गाडी शेटची आणि घाईही शेटची. तो ताटावरून उठला, की बहीण म्हणायची, "दादा, आपली गाडी घेऊन ये अन् दोन दिवस राहा." आई-वडील गेल्यापासून दोघांना एकमेकांशिवाय जवळचं कुणी उरलं नव्हतं.

शेटने तो ट्रक विकायला काढला आणि सुखदेवने डोळे मिटून घेतला. ट्रकचा नट न् नट त्याच्या ओळखीचा. कागद मात्र मुनिमाच्या कपाटात असायचे, ते त्याने कधी पाहिलेच नव्हते. ते मी पाहिले. ट्रकला बारा वर्षं होऊन गेली होती.

"अहो मेश्राम, बारा वर्षांपुढच्या अशा गाडीला नॅशनल परमिट मिळत नाही. शेटने काय तुमच्यावरच्या प्रेमापोटी विकली? फक्त महाराष्ट्राचं मिळेल."

"पण साहेब, हीच गाडी इतकी वर्षं त्या रस्त्यानं गेली ना!"

"गाडीला रस्ता पाठ असेल हो. आरटीओला त्याचं कौतुक नाही."

"मग एखाद्या फेरीपुरतं?"

"तात्पुरतं मिळतं. पण पलीकडचा माल पाहिजे. बहिणीचं घर हा माल होत नाही."

तो हसला नाही. पुडा टेबलावर ठेवून निघून गेला. त्या दिवशी मी तो पुडा उघडलाच नाही.

महाराष्ट्राचं परमिट मी काढून दिलं. नाशिक, सोलापूर, चंद्रपूर अशी कामंही लागली. येता-जाता तो दुकानात डोकवायचा आणि एकच विचारायचा, "तिकडचा माल?" मी मार्केट यार्डातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारून थकलो. परराज्याचा माल ते अशा गाडीवर चढवायला तयार नव्हते. मग तो चहा पीत बहिणीच्या हातच्या लाखोळी डाळीच्या वड्यांबद्दल बोलत बसायचा. एकदा म्हणाला, "सगळा महाराष्ट्र मोकळा आहे साहेब, पण मला तेवढं एकच घर पाहिजे." मी त्याच्यासाठी आणखी एक चहा मागवला.

अखेर गोंदियाचा माल मिळाला. सुखदेवने तो उतरवला आणि रिकामी गाडी हद्दीवरच्या नदीपर्यंत नेली. फोन केलेला होताच. आम्रपाली नवऱ्याच्या मागे मोटारसायकलवर बसून पूल ओलांडून अलीकडे आली. डबा घेऊन आली होती. केबिनमध्ये बसून दोघं जेवली. मग ती म्हणाली, "चाल ना दादा, चालव."

त्याने गाडी सुरू केली, पुलाच्या तोंडाशी नेली आणि ब्रेक दाबला.

"थोडी समोर घे ना."

"परमिट नाही गं."

पलीकडचा रस्ता समोर दिसत होता. आम्रपालीने तिकडे बघितलं. सुखदेवला वाटलं, आता ही उतरणार. तिने खिडकीतून मान बाहेर काढली आणि नवऱ्याला ओरडून सांगितलं, "तुम्ही जा घरी, मी उद्या येते!"

मग भावाकडे वळून म्हणाली, "माझ्या दारात नाही येत ना तुझी गाडी? मग आपल्या गावच्या दारात उभी करू. तिथलं तर परमिट आहे?"

हे सगळं सुखदेवने परत आल्यावर मला दुकानात सांगितलं. आई-वडिलांच्या भंडाऱ्याकडच्या घराला कुलूप होतं आणि किल्ली दोघांकडेही नव्हती. दारासमोर गाडी लावून बहीणभाऊ अंधार पडेपर्यंत केबिनमध्येच बसून राहिले.